मोगरा हाताशी, झेंडू दाराशी

पत्र:

अक्का, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, बेळगावात एका ऑफिसात कामाला आहे. वैशाखाच्या दुसऱ्या पंधरवड्यात माझं लग्न आहे. दुपारी साडेबाराच्या अक्षता, खानापूरजवळच्या कार्यालयात. सासर गडहिंग्लजचं. बाबा नाहीत, खर्च मी आणि भाऊ मिळून करतोय. डेकोरेशनवाल्याने नुसत्या फुलांचे ५५ हजार सांगितलेत. त्यात ऑर्किड, लिलियम, कार्नेशन असं काय काय आहे. परवडत नसेल तर २० हजारांत प्लॅस्टिकची लावतो म्हणतो. मला प्लॅस्टिक नको. फोटोत पांढरा-गुलाबी रंग यावा एवढीच माझी हौस. आईला मात्र झेंडूच पाहिजे, शिवाय येणाऱ्या दीडशे बायकांना मोगऱ्याचा गजरा द्यायचाच म्हणते. "गजरा दिला नाही तर लोकं काय म्हणतील की गं" हे रोज दोन वेळा ऐकते. फुलांना सगळं मिळून २० हजारांच्या वर जाता येणार नाही. कुठली फुलं घेऊ, कशी घेऊ आणि आईला काय सांगू?

उत्तर:

बाळ, आधी लग्नाच्या शुभेच्छा. आणि गजऱ्याच्या बाबतीत मी आईच्या बाजूची आहे, हेही आत्ताच सांगून टाकते. कारण पुढे येईलच.

त्या ५५ हजारांत फुलांपेक्षा प्रवासाचा वाटा मोठा आहे. स्टेजवर दिसणारं जांभळं-पांढरं ऑर्किड आपल्याकडे बहुतेक थायलंडहून येतं. कार्नेशन निलगिरीसारख्या थंड डोंगराळ भागातलं. लांब दांडीचा डच गुलाब बेंगळुरूच्या आसपासच्या पॉलिहाऊसमधून येतो, आणि बेंगळुरू-बेळगाव अंतर ५०० किलोमीटरच्या घरात. खोके, बर्फ, रात्रीची गाडी, मधले दोन-तीन व्यापारी, आणि वाटेत मान टाकणाऱ्या फुलांचं नुकसान चांगल्या फुलांच्या दरात चढवलेलं. वैशाखाच्या उन्हात ते नुकसान जास्त, म्हणून दरही जास्त. डेकोरेशनवाला तुला फसवतोच आहे असं मी म्हणत नाही. तू मोबाईलवर त्याला जो फोटो दाखवलास, त्या फोटोचा तो भाव आहे.

फूल निवडायचं ते महिना बघून. वैशाख म्हणजे मोगऱ्याचे दिवस. थंडीत ज्या मोगऱ्याचा भाव ऐकून माणूस पुढे सरकतो, तोच आता ढिगाने येतो. निशिगंधही उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात भरपूर येतो, थंडीत आटतो. शेवंतीचं उलट. दिवस लहान झाल्याशिवाय ती कळी धरत नाही, म्हणून तिचा खरा बहर कार्तिकापासून माघापर्यंत. वैशाखात बाजारात दिसली तरी ती महाग आणि किरकोळ असते, तिच्या नादी लागू नकोस. झेंडू बारमाही आहे, पण त्याचा भाव सणांवर नाचतो. तुझी तारीख दुसऱ्या पंधरवड्यात आहे हे फार बरं झालं. वैशाख शुद्ध द्वितीयेला बेळगावची शिवजयंती, दुसऱ्याच दिवशी अक्षय्यतृतीया आणि बसवजयंती एकत्र, मागोमाग चित्ररथांची मिरवणूक. त्या चार-पाच दिवसांत हाराला हात लावायची सोय नसते. तू त्यातून सुटलीस. लग्नाची तिथी म्हटल्यावर त्या दिवशी तालुक्यात आणखी पुष्कळ अक्षता पडणार, तेवढी गर्दी गृहीत धर.

आता तुझ्या हौसेचं. पांढरं म्हणजे निशिगंध आणि मोगरा, गुलाबी म्हणजे गुलाब. तुझा पांढरा-गुलाबी लग्नाचा फोटो थायलंडला न जाता होतो. फक्त एक नियम पाळ: जे फूल अंगाला लागणार, हातात येणार, नाकाजवळ जाणार, त्यावर पैसा खर्च कर. जे वीस फुटांवरून दिसणार, तिथे पानं आणि कापड चालतं. बहुतेक लग्नांत नेमकं उलटं होतं. गेटच्या कमानीवर हजारो रुपये चढतात आणि नवरीच्या गळ्यातला हार सुकलेला.

म्हणून हारापासून सुरुवात करू. दोन हार आणि मुंडावळ्या यांना ५ ते ६ हजारांपर्यंत ठेव, इथे काटकसर नको. निशिगंधाच्या न उमललेल्या कळ्यांचा, जागोजागी गुलाबी गुलाब घातलेला हार सांग. कळीचाच हवा असं बजावून सांग, कारण उमललेलं निशिगंधाचं फूल दुपारपर्यंत कडेने पिवळं पडतं. हार करणारे आदल्या रात्री ओवून पाण्याचा मारा करून ठेवतात. तो तसाच ओला गळ्यात पडला की शालूवर पाण्याचे डाग उमटतात आणि जरीच्या काठावर तर ते जातच नाहीत. हार आणला की काठीला उभा अडकवून अर्धा तास निथळू द्यायचा, हे काम एखाद्या चुलतभावाच्या गळ्यात मारून ठेव. वजनही बघ. जाडजूड हार फोटोत भारी दिसतो, पण पाऊण तास मान वाकवून बसायचं तुला आहे.

मुंडावळ्या मोत्यांच्या घेणार असशील तर तो विषयच मिटला. फुलांच्या हव्या असतील तर मोगऱ्याच्या कळ्यांच्या कर, निशिगंध डोळ्यांवर जड होतो.

मग गजरे. आई म्हणते ते मला पटतं, पण 'लोकं काय म्हणतील' म्हणून नव्हे. ऑर्किडची कमान कुणी घरी नेत नाही, गजरा मात्र बाई डोक्यात घालून नेते. शिवाय वैशाखात मोगऱ्याएवढी स्वस्त आणि सुंदर भेट दुसरी नाही. तेवढ्याच पैशांत ब्लाऊजपीस घ्यायला गेलीस तर काय कापड मिळेल ते तुला माहीत आहे.

दीडशे बायकांचा हिशोब असा. आपल्याकडे गजरेवाल्या माळ मोळाने मोजतात. मोळ म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण दीड फूट. वेणीवर माळायला एका बाईला वीतभर पुरतो, म्हणजे अर्धा मोळ. दीडशे बायकांना ७५ मोळ झाले, घरच्या बायका आणि ऐनवेळच्या पाहुण्या धरून ९० सांग. कोपर मात्र विकणारीचं असतं. शिवाय मोजताना माळ किती ताणली त्यावर बोटभर फरक पडतो, आणि नव्वदांत मिळून तो चांगलाच होतो. एवढी मोठी ऑर्डर देताना फुटात बोल आणि पर्समध्ये शिंप्याची टेप ठेव. कुणी रागावत नाही, उलट गिऱ्हाईक समजणारं आहे म्हणून नीट ओवून देतात.

दुसरी गोष्ट गाठीची. चांगल्या गजऱ्यात प्रत्येक गाठीला समोरासमोर दोन-दोन कळ्या असतात आणि पुढची गाठ मागचीला खेटून असते. गजरा बोटाभोवती गुंडाळून बघ. वळणावर मधला दोरा किंवा केळीचं सोपट दिसलं, तर तो विरळ आहे. लांबी पूर्ण आणि कळ्या निम्म्या, असा तो प्रकार. कळीही एक उचलून बघ. ताजी कळी घट्ट, हिरवट पांढरी, देठाशी ओली. शिळीच्या टोकाला तांबूस झाक येते. वरून पाणी शिंपडून ती झाकता येत नाही.

आता वेळेचं. मोगऱ्याची कळी सकाळी लवकर खुडतात आणि ती उमलते संध्याकाळकडे. म्हणजे त्याच सकाळचे गजरे साडेबारा वाजता मिटलेलेच असणार. फोटोत ते टपोरे पांढरे दिसतील, वास मात्र बेताचा. खरा वास तुझ्या पाहुण्यांना एसटीत बसून घरी जाताना येईल. मला हे फार आवडतं, पण अक्षतांच्या वेळीच मांडव घमघमला पाहिजे असं आईचं म्हणणं असेल, तर वीस-पंचवीस गजरे आदल्या दिवशीच्या कळ्यांचे करून घे. ते ओल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात घालायचे आणि रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचे. फ्रीझरच्या जवळ नको, कळ्या तपकिरी पडतात. सकाळी आठ-नऊला बाहेर काढलेस की अक्षतांपर्यंत उमलत येतात. ते करवल्यांना आणि अंतरपाटाजवळ उभ्या राहणाऱ्या बायकांना दे.

मोगऱ्यात अबोली घालून घ्यायची असेल तर जरूर घाल. चार कळ्यांमागे एक अबोली आली की रंग उठतो आणि मोगरा थोडा कमी लागतो. अबोलीला वास नाही, पण ती दुसऱ्या दिवशीही टिकते. किलोचा भाव ऐकून दचकू नकोस, फूल इतकं हलकं की तुला लागणार मूठ-दोन मूठ. गजऱ्यांना सगळं मिळून ४ हजार धर.

स्टेजवर पांढरा पडदा डेकोरेशनवाल्याकडे असतोच. त्यावर निशिगंधाच्या सुट्या फुलांच्या उभ्या माळा सोड आणि दोन खुर्च्यांच्या मागे गुलाबी गुलाबांची एकच भरगच्च मांडणी कर. सबंध स्टेज फुलांनी भरायचं काही कारण नाही. कॅमेरा दिवसभर खुर्च्यांभोवतीच्या सहा-सात फुटांतच फिरतो, तेवढं मनापासून सजव. बाकीच्या दोन्ही अंगांना केळीचे खांब, झावळ्या, कुंड्या. डच गुलाबाची जुडी साधारण २० फुलांची येते. देठाच्या वर, कळीच्या बुडाशी हलकं दाबून बघ. टणक लागली तर घे, मऊ लागली तर सोड. आणल्याबरोबर देठाचं टोक तिरकं छाटून बादलीत उभी करायची. गुलाब फार चढला असेल तर गुलाबी जरबेरा घे. बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात त्याची पॉलिहाऊसं आहेत, त्यामुळे तो फार लांबून यावा लागत नाही. त्याला पाणी चार बोटंच ठेवायचं, खोल पाण्यात देठ सडतो आणि मान मोडते. स्टेजला मजुरीसकट ६ हजार.

झेंडू दारावर, घरच्या मांडवाला, तुळशीवृंदावनाला, देवकाच्या जागी. आईला सांग, तुझा झेंडू आहे, सगळा आहे, फक्त स्टेजवर नाही. दोघींच्या वाटण्या झाल्या की भांडण संपतं. हिशोब करायचा तर मध्यम फूल असेल तर किलोत साधारण सव्वाशे ते पावणेदोनशे बसतात आणि घट्ट ओवली तर बारा-पंधरा फुटांची माळ होते. पण लग्नाच्या आधी एक रविवार काढून किलोभर आण, ओव आणि मोज. मग तुझ्या दाराच्या मापाने गुणाकार कर. कार्यालयाचं गेट दहा फुटांचं आणि त्याला दोन-दोन फुटांच्या नऊ लडी असं धरलं तर २८ फूट माळ लागते, म्हणजे अडीच किलोच्या आत. घर, देवक, मागचं दार धरून ८ किलोत काम व्हावं, १० सांगून ठेव. मधे मधे आंब्याचं पान ओवलंस तर ६ मध्येही भागेल आणि जास्त चांगलं दिसेल. आंब्याची पानं आणि केळीचे खांब मात्र विकत घेऊ नकोस. खानापूर तालुक्यात राहून आंब्याच्या डहाळ्यांना पैसे मोजले तर भावकी तुला लग्नानंतरही सोडणार नाही.

झेंडू आदल्या दिवशी आणला तरी चालतो, पण पोतं बांधलेलं ठेवू नको. आतल्या फुलांना वाफ धरते आणि सकाळी मधली फुलं काळी निघतात. घरी आला की चटईवर पसरायचा, पंखा नको, सावली हवी. घेताना एक फूल हिरव्या देठाशी उलगडून हुंगायचं. कुबट वास आला तर पुढचा गाळा बघ. आणि पोतं उचलल्यावर खालून पाणी ठिबकत असेल तर तू झेंडूच्या भावाने पाणी विकत घेते आहेस. ओवायचं काम हळदीच्या संध्याकाळी घरात बायका असतातच, त्यांच्यापुढे सुया आणि दोऱ्याची रिळं ठेव. दहा किलो झेंडू गप्पांत संपतो. ओल्या पाकळ्यांचे डाग पडतात, तेव्हा अंथरायला जुनी चादर घे. कार्यालयातही जमिनीवर झेंडूच्या पाकळ्यांची रांगोळी घालणार असाल तर साफसफाईचे पैसे वेगळे मागतात का ते आधी विचार.

एक वळवाचं. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी चारच्या सुमारास आभाळ भरून येतं आणि अर्ध्या तासात मांडव झोडपून जातं. अक्षता साडेबाराच्या असल्या तरी जेवणावळी, भेटीगाठी, पाठवणी चार-पाचपर्यंत चालते. उघड्यावरच्या कमानीला महाग फूल लावू नकोस, नुसती पानं, झावळ्या आणि झेंडू. भिजलेली झेंडूची माळ एवढी जड होते की बारीक दोरा तुटून खाली येते, म्हणून गेटची माळ सुतळीवर बांध.

बाजाराचं. तू रोज बेळगावला येतेस, हे तुझं भांडवल आहे. लग्नाच्या महिनाभर आधीपासून आठवड्यातून एकदा ऑफिसच्या आधी लवकर उतर आणि फूल बाजारात फेरी मार. काही घ्यायचं नाही, फक्त भाव ऐकायचे. पहाटेचा भाव आणि नऊ वाजताचा भाव यातला फरक कळतो, कोणाचा माल कायम ताजा असतो ते कळतं, आणि तिसऱ्या फेरीला तोच तुला हाक मारतो. आपल्या बाजारातून गोव्याकडे माल जातो. तिकडे सण-जत्रा असली की इथला मोगरा-अबोली वर जाते, तेही विक्रेत्याच्या तोंडूनच कळेल. चार शब्द कानडीत बोललीस तर भाव किती उतरेल ते मी सांगत नाही, पण फुलं निवडून मिळतात. गावातला फुलारी, म्हणजे कानडीतला हूगार, असेल तर हार त्याच्याकडेच दे. त्याला लग्नघरची वेळ कळते, अकराला हार दारात येतो. ऑर्डर दहा दिवस आधी, निम्मे पैसे आगाऊ, बाकी माल बघून.

डेकोरेशनवाल्याला नाराज करू नको, त्याची फ्रेम, पडदे, खुर्च्या आणि माणसं लागणारच आहेत. त्याला सांग, "फुलं आम्ही आणून देतो, तुम्ही फ्रेम आणि लावायची मजुरी सांगा." काही जण याला तयार होत नाहीत, आणि काही कार्यालयांत बाहेरचा डेकोरेटर किंवा बाहेरची फुलं चालत नाहीत. हे कार्यालयाच्या मालकाला आजच विचार, पैसे भरले असले तरी विचार. डेकोरेशनवाला फुलं स्वतःच आणणार म्हणाला, तर कुठलं फूल, किती किलो, किती जुड्या, ताजं की आदल्या कार्यक्रमातलं, हे कागदावर लिहून घे. 'फुलांची सजावट' एवढंच लिहिलेलं असेल तर त्यात काय बसत नाही? आणखी एक विचारून बघ: त्याच कार्यालयात आदल्या दिवशी कुणाचं लग्न आहे का. असेल तर त्या घराशी बोलून पडदे, फ्रेम आणि पानांची सजावट दोघांत एकच ठेवता येते, फुलं तेवढी ज्याची त्याने ताजी लावायची. गाडी-मजुरी निम्मी होते. यात कमीपणा वाटायचं काही कारण नाही, तुझ्या पाहुण्यांपैकी आदल्या दिवशी तिथे कोण गेलेलं असणार आहे?

प्लॅस्टिकबद्दल तुला समजावायची गरजच नाही. तरी उंचावर, छताजवळ डेकोरेशनवाल्याकडची कापडी फुलं असतील आणि वेगळे पैसे लावत नसेल तर राहू देत. तिथे ताजं फूल लावून उपयोग शून्य, गरम दिव्यांनी तासात कोमेजतं.

झेंडू, पानांची गाडी आणि सुट्या पाकळ्या मिळून २ हजार. सगळं मिळून १८ च्या आत बसतं. उरलेले दोन हजार भावाच्या खिशात रोख राहू देत. लग्नाच्या सकाळी काहीतरी कमी पडतंच, आणि तेव्हा कोणी ऑनलाइन पैशांची वाट बघत नाही. भाव त्या आठवड्यात चढला तर कपात स्टेजवर कर, हारावर आणि गजऱ्यावर नको.

राहिला सासरकडचा भाग, तो जरा नाजूक आहे म्हणून शेवटी ठेवला. पुष्कळ घरांत नवरीच्या गळ्यात पडणारा हार मुलाकडचे आणतात. तुमच्याकडे तसं ठरलं असेल तर तो हार गडहिंग्लजहून वैशाखाच्या उन्हात, बंद गाडीत, दोन-अडीच तासांचा प्रवास करून येणार. तुझ्या नवऱ्याचा हार ताजा आणि तुझा मलूल, शिवाय दोन्हींचे रंग वेगळे. मुलाकडच्यांनी हाराचे पैसे द्यावेत, पण ऑर्डर इथल्याच फुलाऱ्याकडे एकत्र द्यावी, हे तू स्वतः बोलू नकोस आणि आईलाही बोलू देऊ नकोस. मामांना सांग. त्यांनी व्याह्यांना फोन करून एवढंच म्हणावं, "उन्हाचे दिवस आहेत, हार वाटेत खराब होईल, आमच्या इथला माणूस दोन्ही एकसारखे करून देतो." हा फोन फुलाऱ्याला आगाऊ पैसे द्यायच्या आधी झाला पाहिजे, म्हणजे याच आठवड्यात.

— अक्का